कॉलेज आणि संस्था यांची जोडी जमवणाऱ्या योजना: कोणती कुणाला परवडते?

गावपातळीवर काम करणारी संस्था असो, ग्रामसभा असो किंवा बचत गटांचा संघ, महाराष्ट्रात विद्यापीठाची मदत हवी असेल तर आज निदान पाच दारं आहेत. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) दत्तक गाव, नव्या शैक्षणिक धोरणातले दोन क्रेडिटचे सीईपी (सामुदायिक सहभाग प्रकल्प) आणि फील्ड प्रोजेक्ट, केंद्र सरकारचं उन्नत भारत अभियान, आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रातून पुढे आलेली उन्नत महाराष्ट्र अभियानाची पद्धत, आणि सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजने स्वतःपुरती रुजवलेली व्यवस्था. पाचही फुकट आहेत असं सांगितलं जातं. पैसे लागत नाहीत हे खरं, पण कार्यकर्त्याचे दिवस लागतात, आणि ते कुठल्याच हिशोबात धरले जात नाहीत. म्हणून इथे मोजपट्टी एकच लावली आहे: शेवटी गावाच्या हातात काय पडतं आणि त्यासाठी संस्थेचे किती दिवस खर्ची पडतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्या योजनेत प्रश्न गावाकडून किंवा एखाद्या सरकारी खात्याकडून लेखी येतो, तिथून वापरता येईल असं काहीतरी निघतं. जिथे प्रश्न अभ्यासक्रमातून येतो तिथून फोटो आणि फाइल निघते. बाकी सगळा फरक वेळापत्रकाचा.

एनएसएस: माणसं भरपूर, अभ्यास नाही

२४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालेली ही योजना अजूनही सगळ्यात सहज मिळणारी आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं. श्रमदान, रोपं लावणं, बंधाऱ्यातला गाळ काढणं, रक्तदान, आरोग्य तपासणीच्या दिवशी रांगा लावणं, यासाठी एनएसएससारखी फौज नाही. सर्वेक्षणासाठी मात्र घेऊ नका. सात दिवसांत पहाटेची प्रभातफेरी, दुपारचं बौद्धिक आणि रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम यांतून उरलेल्या वेळात भरलेले फॉर्म कसे असतात ते ज्याने एकदा तपासलेत त्याला वेगळं सांगायला नको. वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि वाळू शिबिराच्या आदल्या दिवशी जागेवर आहे का, एवढं पाहिलंत तरी शिबिर वसूल.

सीईपी आणि फील्ड प्रोजेक्ट: गर्दी इथेच आहे

नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून पदवीच्या आराखड्यात सामुदायिक सहभाग प्रकल्प, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आले. त्यामुळे जी कॉलेजं पूर्वी गावाकडे फिरकत नव्हती तीही आता संस्थेला फोन करतात. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "आमची साठ मुलं आहेत, तुमच्याकडे काही काम असेल तर सांगा." इथेच 'हो' म्हणायची घाई नडते.

पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: तास किती धरता? यूजीसीने २०२० साली सामाजिक बांधिलकी आणि समुदाय सहभागाचा जो अभ्यासक्रम सुचवला तो दोन क्रेडिटचा, ३० तासांचा आहे आणि त्यातला निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष फील्डवर जावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे १५ तास. जाण्यायेण्यासकट पाहिलं तर दोन खेपा. प्रात्यक्षिकाच्या हिशोबाने एका क्रेडिटला ३० तास धरले तर दोन क्रेडिटचे ६० होतात. दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. १५ तासांत गावाची ओळख होते, त्यापलीकडे काही नाही, आणि तेवढ्यासाठी कार्यकर्त्याला गुंतवणं परवडत नाही.

६० तास मिळाले तर हिशोब असा बसतो. तयारीचे १० तास वर्गात, लेखन आणि सादरीकरणाला १०, उरले ४०. एसटीने जाऊन येऊन दिवस आठ तासांचा धरला तर पाच खेपा, आणि प्रत्येक खेपेत हातात खरं काम पाचच तासांचं. दोघांच्या जोडीने एका घरी साधारण ४० मिनिटं जातात, शिवाय चालणं आणि दार उघडायची वाट पाहणं. एका जोडीची दिवसाला पाच घरं होतात, सहावं घर उरकलेलं असतं. वीस मुलांच्या दहा जोड्या म्हणजे दिवसाला ५० घरं. २०० उंबऱ्यांचं गाव चार खेपांत होतं आणि पाचवी खेप निष्कर्ष गावापुढे मांडायला उरते. ही पाचवी खेप वेळापत्रकात आधीच लिहून घ्या. नंतर ती कधीच होत नाही, कारण तोवर अंतर्गत गुणांची यादी विद्यापीठाला गेलेली असते.

साठच्या साठ मुलं एका गावात सोडू नका. वीस-वीसच्या तीन तुकड्या, तीन वेगळे प्रश्न, जमल्यास तीन वेगळी गावं. आणि प्रश्न असा निवडा की त्याचं उत्तर 'होय-नाही' किंवा आकड्यात येईल. "महिला सक्षमीकरणाचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "आपल्या बारा गटांपैकी कोणत्या गटांचं बँक कर्ज का थकलं, रक्कम आणि महिना सांगा" हा प्रश्न आहे. "रेशन दुकान महिन्यातून नेमकं किती दिवस आणि किती वेळ उघडं असतं" हाही आहे. असं काम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं चोख करतात.

गुणांचं पाहा. बऱ्याच विद्यापीठांत दोन क्रेडिटला ५० गुण असतात. त्यातले १५ तरी संस्थेच्या हाती असावेत, आणि ते हजेरीवर नको, नोंदवहीवर हवेत: किती घरं झाली, कोणत्या घराला पुन्हा जावं लागलं, कोणतं उत्तर संशयास्पद वाटलं. गुणांची दोरी पूर्णपणे कॉलेजच्या हातात असेल तर तिसऱ्या खेपेपासून मुलं गळायला लागतात. ते स्वाभाविक आहे, त्यांच्या इतर सहा विषयांच्या असाइनमेंट त्याच आठवड्यात असतात.

या दाराचा सगळ्यात मोठा दोष हंगामाचा. पहिलं सत्र पेरणीत सुरू होतं आणि सोयाबीनच्या काढणीत संपतं. अकरा वाजता गावात पोहोचणाऱ्या तुकडीला घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतात. बीडसारख्या जिल्ह्यात तर दुसऱ्या सत्राचं सर्वेक्षण मुळातच चुकतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, परतत नाहीत. जानेवारीत केलेल्या पाहणीत ही घरं 'कुलूप' अशी नोंदली जातात, अहवालात गाळली जातात, आणि गावातली सर्वांत गरीब कुटुंबं टक्केवारीतून गायब होतात. गाव खुशाल दिसतं. यावर उपाय दोनच: पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी पाचनंतर करा, आणि कुलूप असलेल्या प्रत्येक घराची माहिती शेजारी न विचारता अंगणवाडीताई किंवा आशाताईंच्या नोंदवहीवरून वेगळ्या रकान्यात घ्या. शेजारी फार बोलतात, आणि हवं तेच बोलतात.

उन्नत भारत अभियान: दार मोठं, खोली लहान

२०१४ मध्ये सुरू झालेलं आणि २०१८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत विस्तारलेलं हे अभियान आयआयटी दिल्लीकडून चालवलं जातं. सहभागी संस्थेने पाच गावांचा समूह घ्यायचा, गावाचा एक आणि प्रत्येक घराचा एक असे दोन प्रकारचे फॉर्म भरायचे, ते पोर्टलवर चढवायचे, आणि मग गावाला लागणारं तंत्रज्ञान शोधून मदत करायची अशी मांडणी आहे. मांडणीत खोट नाही. जिल्हा प्रशासनाशी अधिकृत धागा मिळतो. गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॉलेजचं पत्र घेऊन जाणं आणि अभियानाचा संदर्भ देऊन जाणं, यात फरक पडतो.

पण संस्थेच्या नजरेने पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. एक, पाच गावं आणि एक समन्वयक प्राध्यापक, ज्याच्यावर शिकवण्याचा पूर्ण भार तसाच आहे. पाचातलं एक गाव जिवंत राहतं, बाकीची चार कागदावर. दुसरी, घरोघरचा फॉर्म. शौचालय, इंधन, पाणी, जमीन, जनावरं, योजनांचा लाभ हे सगळं गावाला पुन्हा विचारलं जातं. यातलं बरंच ग्रामपंचायतीकडे असतं. नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) घरं मोजलेली असतात, अंगणवाडीत कुटुंबनिहाय नोंद असते, मिशन अंत्योदयच्या पाहणीत गावाच्या सुविधा असतात. आधी हे तिन्ही उतरवून घ्या, फॉर्ममधले तेवढे रकाने आधीच भरा आणि घरी गेल्यावर फक्त पडताळा. ४० मिनिटांची भेट २० वर येते आणि माणूस वैतागत नाही. "मागच्या वर्षी पण कॉलेजवाले येऊन हेच विचारून गेले" हे ज्या गावात ऐकू येतं तिथे पुढच्या उत्तरांवर विश्वास ठेवू नये.

अभियानातून काही मिळवायचं असेल तर ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या तारखा धरून चाला. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. कॉलेजचा अहवाल सत्राअखेरीस, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, तोवर ग्रामसभेत कामांची यादी वाचून झालेली असते. म्हणून पूर्ण अहवालाची वाट न पाहता सप्टेंबरअखेर दोन पानं काढायची: कोणतं काम, कोणत्या वस्तीत, किती घरांना, अंदाजे किती लांबीरुंदी. आणि काम कोणत्या निधीत बसतं तेही लिहायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. त्या चौकटीत बसणारी सूचना आराखड्यात शिरते, 'ग्रंथालय सुरू करावे' ही शिरत नाही. ग्रामसेवकाला, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, अशी दोन पानं आवडतात. चाळीस पानं कपाटावर जातात.

सितारा आणि उन्नत महाराष्ट्र: महाग, पण माल खरा

आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं हे केंद्र आहे. २००७ मध्ये तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयाचं एम.टेक. सुरू झालं. विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि पाणीपुरवठा, एसटीच्या फेऱ्या, चुली, सिंचन असे विषय घेऊन मोजमापासकट काम करतात. याच विचाराला २०१६ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने उन्नत महाराष्ट्र अभियान म्हणून शासकीय रूप दिलं. त्याचं मर्म असं की जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजने जिल्ह्यातल्याच खात्यांचे प्रश्न अभ्यासायचे. जलयुक्त शिवारच्या कामांचं मूल्यमापन अशाच कॉलेजांनी केलं. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईने बसवून दिली.

पाचांत ही पद्धत आम्ही वर ठेवतो, त्याचं कारण गिऱ्हाईक. अहवाल मागणारं कुणीतरी आहे, त्याला तो अमुक तारखेला हवा आहे आणि चुकला तर तो जाब विचारणार आहे. प्राध्यापकालाही हा अभ्यास सल्ला-सेवा म्हणून दाखवता येतो. तोटा उघड आहे: यासाठी विषय येणारा प्राध्यापक लागतो, आणि तो जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात नसतो. नुसतं सिव्हिलचं डिपार्टमेंट असून भागत नाही.

पाण्याचंच उदाहरण जवळून पाहू, कारण बहुतेक संस्था याच कामासाठी कॉलेजकडे जातात. गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची आहे. काम सोपं वाटतं: टेपला वजन बांधून खाली सोडायचं. पहिली चूक तिथेच होते. एक मुलगा कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजतो, दुसरा जमिनीपासून. कठडा तीन फुटांचा असेल तर दोन नोंदींत पाणी न हलताच तीन फुटांचा फरक. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ५०० वस्तीला दिवसाला २७,५०० लिटर लागतात. म्हणजे कठड्याची ती चूक जवळजवळ अख्ख्या गावाच्या एका दिवसाच्या पाण्याएवढी आहे. मे महिन्यात, तळाशी पाच फूट पाणी उरलेलं असताना, ही चूक निम्म्याहून जास्त होते.

त्यामुळे पहिल्या खेपेत मोजमाप करायचंच नाही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करायची, विहिरीला क्रमांक द्यायचा, कठड्याची जमिनीपासूनची उंची, व्यास आणि खोली लिहायची, मालकाचं नाव नोंदवहीत ठेवायचं पण नकाशावर टाकायचं नाही. पुढची प्रत्येक नोंद खुणेपासून आणि सकाळी पंप सुरू व्हायच्या आत. रात्री वीज असेल आणि शेतकऱ्याने पहाटेपर्यंत उपसा केला असेल तर ती नोंद 'उपशानंतर' अशी वेगळी लिहायची. पाण्याची उंची एकटी पुरत नाही, झरे किती देतात तेही लागतं: उपसा थांबल्यावर एका तासात पाणी किती इंच चढलं एवढं पाहिलं तरी विहिरीची लायकी कळते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये शेजारशेजारच्या दोन विहिरी अगदी वेगळ्या वागतात, म्हणून 'प्रातिनिधिक विहीर' नावाचा प्रकार इथे चालत नाही. ओढ्याजवळची, मधली आणि माथ्यावरची अशा तिन्ही घ्याव्या लागतात.

आणि आता वेळापत्रकाचा खरा फटका. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, पावसाळ्यानंतर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. तुलना करायची तर तुमच्याही नोंदी त्याच सुमारास हव्यात. पावसाळ्यानंतरची आणि जानेवारीची नोंद मुलं करतात. मार्चची परीक्षेच्या तोंडावर कशीबशी होते. मेची होतच नाही, कारण कॉलेजला सुट्टी आणि मुलं आपापल्या गावी. नेमकी तीच नोंद टँकरच्या मागणीसाठी आणि पुढच्या हंगामाच्या नियोजनासाठी लागते. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कितीतरी चांगल्या अभ्यासांत मेचा रकाना कोरा असतो तो याच कारणाने. उपाय स्वस्त आहे: पहिल्या खेपेपासून गावातल्या दोन पोरींना किंवा पोरांना टेप हातात द्या, मार्च आणि मेच्या नोंदीचं मानधन करारातच धरा. कॉलेज बदललं तरी नोंदी चालू राहतात, हा वरचा फायदा.

सेवाग्राम: नक्कल करण्यासारखं, पण शॉर्टकट नाही

वर्ध्याजवळचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलं. तिथे प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. मुलं आधी आश्रमात पंधरा दिवस राहतात, मग त्याच वर्षी गावात पंधरा दिवसांचं समाजसेवा शिबिर होतं, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिली जातात आणि पुढची वर्षं ठरावीक दिवशी त्याच कुटुंबांना भेटायचं असतं. कस्तुरबा रुग्णालयाने ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावांना आरोग्यविम्याचं छत्र दिलं, तेही याच नात्याच्या जोरावर.

या व्यवस्थेची ताकद तिच्या कंटाळवाण्या सातत्यात आहे. कुटुंब तेच, विद्यार्थी तोच, आणि मागे दवाखाना आहे. रक्तदाब वाढलेला सापडला तर पाठवायला जागा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढे सगळ्याच मेडिकल कॉलेजांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला, पण जिथे गाव आणि रुग्णालय यांच्यामध्ये साठ-सत्तर किलोमीटर आहेत तिथे तपासणी होते आणि उपचार होत नाही. अशा भागीदारीत शिरणाऱ्या संस्थेने करारात एकच वाक्य हट्टाने घालावं: तपासणीत सापडलेल्या रुग्णाला कुठे, कोणत्या वारी, कोणाकडे पाठवायचं आणि गाडीभाडं कोण देणार. हे ठरलेलं नसेल तर तपासणी शिबिर घेऊच नका. आजार कळला आणि औषध नाही, याचा राग कॉलेजवर निघत नाही, रोज गावात असणाऱ्या कार्यकर्तीवर निघतो.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे फील्ड अ‍ॅक्शन प्रकल्प या रांगेत धरलेले नाहीत, कारण ते बाहेरच्या संस्थेला मागून मिळत नाहीत. तरी १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ चं चाइल्डलाइन पाहून ठेवावेत. दोन्ही ठिकाणी प्रयोग विद्यापीठाने केला आणि नंतर तो सरकारी व्यवस्थेत गेला. भागीदारी संपायची ती अशी.

करारपत्र: सामंजस्य करार पुरत नाही

नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्य आणि सामंजस्य करार दोन्ही मोजले जातात, त्यामुळे करार करायला कॉलेज एका पायावर तयार असतं. हॉलमध्ये फाइल धरून फोटो होतो. त्या दोन पानांत 'परस्पर सहकार्य', 'ज्ञानाची देवाणघेवाण' असे शब्द असतात आणि कुणावरही कसलंच बंधन नसतं. तो करायला हरकत नाही, पण त्याला दरवर्षी नवं परिशिष्ट जोडा. परिशिष्टात हवं ते एवढं: यंदाचा प्रश्न एका वाक्यात, तुकडी किती जणांची, खेपांच्या तारखा, प्राध्यापक किती खेपांना स्वतः येणार, प्रवास, जेवण, छपाई कोणाच्या खात्यातून, कार्यकर्त्याचं मानधन, मराठी दोन पानी अहवाल कोणत्या तारखेला, आणि मूळ आकडेवारी कोणाकडे राहणार.

मानधनाबद्दल लाजू नका. चौदा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन दिवस धरले तर कार्यकर्त्याचे २८ दिवस जातात, म्हणजे महिन्याभराचा पगार. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला जो दर मिळतो तोच फील्डवर शिकवणाऱ्याला मिळावा, ही मागणी वाजवी आहे. सगळी कॉलेजं मान्य करत नाहीत. अतिथी व्याख्यानाच्या शीर्षाखाली मात्र बरीच करतात. उलट दिशेने पैसे जाणार असतील तर एक सावधगिरी: परदेशी देणगीचे पैसे दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करायला २०२० च्या दुरुस्तीपासून कायद्याने मनाई आहे, कॉलेजही त्यातून सुटत नाही. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय सही नको.

आकडेवारीचं कलम सगळ्यात दुर्लक्षित. हल्ली सर्वेक्षण गूगल फॉर्मवर होतं आणि तो फॉर्म एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या वैयक्तिक जीमेलवर बनवलेला असतो. मुलगा पास होऊन गेला की २०० घरांची माहिती त्याच्याबरोबर गेली. फॉर्म विभागाच्या खात्यावर बनवा, प्रत्येक खेपेच्या रात्री फाइल उतरवून संस्थेला पाठवा. आधार क्रमांक घ्यायचाच नाही, मोबाइल क्रमांक खरोखर लागत असेल तरच, आणि नावं वेगळ्या फाइलमध्ये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याआधी साधी गोष्ट अशी की दारू, कर्ज किंवा गर्भपाताबद्दलची माहिती नावासकट मोबाइलवर फिरली तर त्या गावात संस्थेला पुन्हा पाऊल ठेवता येत नाही. आरोग्याचा विषय असेल तर कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते, आणि समितीची बैठक महिनोन्‌महिने होत नाही, तेव्हा तो वेळ धरूनच पाऊल टाका.

लोकांच्या जाणकारीचा विषय आला की आणखी जपावं लागतं. लोक जैवविविधता नोंदवह्यांचं, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांच्या वापराची माहिती नोंदवण्याचं काम अनेक कॉलेजांकडे गेलं. त्यात एकाच भाजीला एका पाड्यावर फोडशी आणि दुसऱ्या ठिकाणी कुलू म्हणतात. मुलं दोन वेगळ्या वनस्पती लिहितात, शास्त्रीय नाव इंटरनेटवरून चिकटवतात, आणि शेजारच्या तालुक्याची यादी जशीच्या तशी उतरलेली सापडते. पान-फूल दाबून ठेवलेला नमुना आणि नाव सांगणाऱ्याच्या पाड्याची नोंद असल्याशिवाय एकही ओळ स्वीकारू नका. वैदूने सांगितलेलं औषध लिहायचं की नाही हे त्याच्यावर सोडा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने यावर चांगली रीत बसवली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात अभ्यासगट आहेत. बाहेरचा जाणकार तिथे बसून बोलतो, गाव प्रश्न विचारतं, पण निर्णय अभ्यासगटात होत नाही, ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. कोणत्याही संस्थेला हे उचलता येईल: कॉलेजचं सादरीकरण अभ्यासगटासमोर, ठराव ग्रामसभेत, आणि दोन्हींमध्ये निदान आठवड्याचं अंतर.

कुणी काय घ्यावं

अंगमेहनत हवी असेल तर एनएसएस. छोटा, आकड्यात उत्तर येणारा प्रश्न आणि सोबत चालायला एक कार्यकर्ता असेल तर सीईपी, पण ६० तासांचंच. जिल्हा परिषदेत शिरकाव हवा असेल तर उन्नत भारतमधलं कॉलेज शोधा आणि पाच गावांपैकी आपलं गाव पहिलं ठेवायला सांगा. पाणी, वाहतूक, ऊर्जा असा तांत्रिक विषय असेल तर आधी खात्याकडून लेखी मागणी काढा, मग इंजिनिअरिंग कॉलेज गाठा. उलट क्रमाने गेलात तर अहवाल उत्तम होतो आणि घेणारा कुणी नसतो. दोनच कार्यकर्त्यांची नवी संस्था असेल तर पहिल्या वर्षी यातलं काहीच घेऊ नका, एखाद्या एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी सामावून घ्या. एक मुलगी सहा महिने टिकून राहिली तर साठ मुलांच्या पाच खेपांपेक्षा जास्त काम करते.

प्रश्नाचं पत्र मे महिन्यात विभागप्रमुखांच्या हातात पडलं पाहिजे. जूनमध्ये कार्यभार वाटला जातो आणि वेळापत्रक लागतं. जुलैत गेलात तर प्राध्यापक हळहळतात, पण तास सरकत नाहीत. पत्राबरोबर एवढंच विचारा की या तुकडीचा शनिवार पूर्ण मोकळा मिळेल का. मिळणार नसेल तर यंदा करार नको.